गणेश दैवज्ञ : आकाशाचं गणित घराघरात पोहोचवणारे कोकणचे ज्योतिर्विद

आपल्या घरात भिंतीवर दिनदर्शिका असते आणि देव्हाऱ्याजवळ किंवा कपाटात पंचांग असतं. पेणमध्ये गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात, पण मूर्ती बसवायची कधी हे पंचांग ठरवतं. रोह्याला धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर निघते, तिचाही दिवस तिथीवरच ठरतो. खाडीत होडी घालणारा कोळी बांधव तर रोजच तिथी बघतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. पुढे प्रत्येक तिथीला ती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणून अष्टमीला भरती सहाच्या सुमारास असणार, हे तो घड्याळ न बघता सांगतो.

पण ही तिथी आज किती वाजता संपते, हे कुणी आणि कसं काढलं? चारशे-पाचशे वर्षांपूर्वी ना संगणक होता ना दुर्बीण. तेव्हा गावातला जोशी हा हिशोब कसा करत असेल? या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की आपण आपल्याच रायगड जिल्ह्यात येऊन पोहोचतो. रोह्याहून कुंडलिकेच्या काठाकाठाने साळावला जा, तिथून कोर्लई, काशीद, आणि मग मुरूडच्या अलीकडे समुद्रकाठचं नांदगाव. सोळाव्या शतकात इथे राहणाऱ्या एका गणितज्ञाने पंचांग करण्याची पद्धतच बदलून टाकली. त्यांचं नाव गणेश दैवज्ञ. आज आपण त्यांच्या जीवनाची आणि कामाची ओळख करून घेऊ.

जन्म आणि घराणं

गणेश दैवज्ञांचे वडील केशव दैवज्ञ. आईचं नाव लक्ष्मी. घराणं कौशिक गोत्राचं आणि विद्येचं. ग्रंथात गावाचं नाव नंदिग्राम असं येतं. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी हे नंदिग्राम म्हणजे मुरूड-जंजिऱ्याजवळचं नांदगाव असं सांगितलं. काही अभ्यासकांनी गुजरातमधलं नांदोद सुचवलं आहे, पण महाराष्ट्रात दीक्षितांचंच म्हणणं मान्य झालेलं आहे.

त्यांचा जन्म शके १४२९, म्हणजे इ. स. १५०७ सालचा सांगितला जातो. हे साल धरलं, तर त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ ‘ग्रहलाघव’ हा त्यांच्या वयाच्या तेराव्या वर्षाचा ठरतो, कारण त्या ग्रंथातलं गणित शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० पासून सुरू होतं. परंपरेत ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात. वय तेरा होतं की थोडं जास्त, यावर वाद घालता येईल. पण हा ग्रंथ तरुण वयातला आहे, एवढं खरं.

वडिलांची शिकवण

केशव दैवज्ञ स्वतः मोठे विद्वान होते. त्यांचे गुरू वैजनाथ. केशवांनी ‘ग्रहकौतुक’ हा ग्रंथ शके १४१८ (इ. स. १४९६) मध्ये रचला. मुहूर्त आणि जातक या विषयांवरचे त्यांचे ग्रंथही गाजले. पण त्यांचा खरा मोठेपणा वेगळ्याच गोष्टीत आहे. ते वेध घ्यायचे. वेध घेणं म्हणजे प्रत्यक्ष आकाशात ग्रह कुठे आहे ते बघणं, आणि पोथीतल्या गणिताने आलेल्या जागेशी ते ताडून पाहणं.

त्या काळी सूर्यसिद्धांत, आर्यसिद्धांत, ब्रह्मसिद्धांत असे निरनिराळे प्रमाणग्रंथ होते. प्रत्येकाचे अनुयायी आपलंच गणित खरं मानायचे. केशवांनी मात्र दोन ग्रह जवळ येतात तेव्हा, ग्रह उगवतो-मावळतो तेव्हा, चंद्र एखाद्या ताऱ्याजवळून जातो तेव्हा आकाशाकडे बघून कोणता ग्रंथ कुठे चुकतो हे नोंदवलं. आणि पुढच्या पिढ्यांना त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं की, पुढेही फरक पडत जाईल, तेव्हा पुढच्या गणितज्ञांनी असेच वेध घेऊन गणित सुधारावं.

अशा घरात गणेश वाढले. ग्रंथाचा आदर करायचा, पण शेवटचा शब्द आकाशाचा, हे त्यांनी घरातच पाहिलं.

आधी पंचांग म्हणजे काय ते समजून घेऊ

गणेश दैवज्ञांनी काय केलं हे कळायला पंचांगाची पाच अंगं माहीत हवीत. वार, तिथी, नक्षत्र, योग आणि करण ही ती पाच अंगं.

वार सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत असतो. मध्यरात्री तो बदलत नाही.

तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. ३६० अंशांत अशा ३० तिथी होतात.

नक्षत्र म्हणजे चंद्राचा १३ अंश २० कलांचा मुक्काम. अशी २७ नक्षत्रं.

योग म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्या स्थानांची बेरीज. तिचेही २७ भाग.

करण म्हणजे अर्धी तिथी.

वेळ मोजायला घटी आणि पळं. एका दिवसाच्या ६० घटी, एका घटीची ६० पळं. म्हणजे एक घटी २४ मिनिटांची आणि एक पळ २४ सेकंदांचं. दोन घटी म्हणजे एक मुहूर्त, ४८ मिनिटं. पूर्वी लग्नघरात पाण्याच्या भांड्यात तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडायचे. ती पाण्याने भरून बुडाली की एक घटी झाली.

आता खरी अडचण बघा. चंद्राची गती रोज सारखी नसते. कधी तो वेगाने पळतो, कधी रेंगाळतो. तिथी सरासरीने सुमारे ५९ घटी ४ पळांची, म्हणजे साधारण २३ तास ३७ मिनिटांची असते. पण प्रत्यक्षात ती कधी लहान, कधी मोठी. म्हणूनच एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते, तिला वृद्धी म्हणतात, आणि एखादी एकही सूर्योदय पाहत नाही, तिला क्षय म्हणतात. त्यातून गणेश चतुर्थीसारख्या सणाला चतुर्थी मध्यान्हाच्या वेळी हवी असते. मग तिथी कोणत्या दिवशी आहे एवढं कळून भागत नाही, ती किती घटी-पळांनी संपते हे रोजच्या रोज कळावं लागतं. वर्षातल्या सगळ्या तिथी, नक्षत्रं आणि योग असे काढायचे म्हणजे केवढं काम!

ग्रहलाघव : मोठे आकडे लहान केले

ग्रहाची जागा काढायला आधी एका ठरलेल्या दिवसापासून आजपर्यंत किती दिवस गेले हे मोजावं लागतं. या दिवसांच्या संख्येला अहर्गण म्हणतात. कलियुगाच्या सुरुवातीपासून मोजलं, तर इ. स. १५२० मध्येच ही संख्या १६ लाख ८७ हजारांच्या पुढे गेली होती. एवढ्या आकड्यांचे गुणाकार-भागाकार धुळीच्या पाटीवर करायचे. एक अंक चुकला की सगळं पुन्हा.

गणेश दैवज्ञांनी ११ वर्षांचं एक चक्र घेतलं. ११ वर्षांत १३२ महिने, त्यात ४ अधिक महिने मिळवले की १३६ चांद्रमास होतात, आणि त्यांचे दिवस भरतात सुमारे ४०१६. मग त्यांनी काय केलं? किती चक्रं पूर्ण झाली ते वेगळं ठेवायचं, आणि फक्त चालू चक्रातले दिवस मोजायचे. दर चक्रामागे प्रत्येक ग्रहात किती फरक पडतो तो आकडा त्यांनी आधीच काढून दिला. त्यामुळे अहर्गण लाखांत न जाता ४०१६ च्या आसपासच थांबतो.

उदाहरण घेऊ. शके १९४८ म्हणजे इ. स. २०२६-२७. १९४८ मधून १४४२ वजा केले, उरले ५०६. त्याला ११ ने भागलं तर ४६, बाकी शून्य. म्हणजे गणेश दैवज्ञांची ४६ चक्रं पूर्ण झाली आणि ४७ वं सुरू झालं. बाकी मोजायचे ते फक्त त्या वर्षातले दिवस. आहे ना सोपं?

दुसरी मोठी सोय म्हणजे त्यांनी ज्या आणि चाप यांना रजा दिली. ज्या म्हणजे आपण त्रिकोणमितीत ज्याला साइन म्हणतो ते. ग्रहगणितात पावलोपावली त्याचे कोष्टक लागतं. गणेशांनी त्याऐवजी साधे गुणाकार-भागाकार बसवले, आणि उत्तर व्यवहाराला पुरेल इतकं अचूक ठेवलं. ‘लाघव’ या शब्दाचा अर्थच हलकेपणा, सोपेपणा.

पण सोपं करताना त्यांनी खरेपणा सोडला नाही. त्यांनी कोणत्याही एकाच सिद्धांताची बाजू घेतली नाही. सूर्य सूर्यसिद्धांताचा घेतला. चंद्र त्याच सिद्धांताचा, पण ९ कला कमी करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे घेतले. शनी आर्यपक्षाचा, पण ५ अंश वाढवून. कारण असं केलं तरच ग्रह आकाशात दिसतात तिथे गणितात येत होते. त्या काळात प्रमाणग्रंथाच्या आकड्यात असा हात घालायला धैर्य लागत होतं.

रोह्याचा दिवस किती घटींचा?

ग्रहलाघवातली एक रीत आपण आपल्या गावासाठी वापरून पाहू. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, भर मध्यान्ही, १२ अंगुळं उंचीच्या काठीची सावली मोजायची. तिला पलभा म्हणतात. रोह्याला ही सावली बरोबर ४ अंगुळं येते. पेण थोडं उत्तरेला, म्हणून तिथे किंचित जास्त.

आता पलभेला अनुक्रमे १०, ८ आणि १० चा तिसरा भाग यांनी गुणा. ४ × १० = ४०, ४ × ८ = ३२, आणि तिसरं १३ आणि एक तृतीयांश. तिन्हींची बेरीज सुमारे ८५ पळं. दिवस-रात्र समान असताना दिवस ३० घटींचा. सर्वांत मोठ्या दिवशी सकाळी ८५ आणि संध्याकाळी ८५ पळं वाढतात, म्हणजे १७० पळं, म्हणजे २ घटी ५० पळं. मोठा दिवस झाला ३२ घटी ५० पळांचा. तास केले तर १३ तास ८ मिनिटं. सर्वांत लहान दिवस २७ घटी १० पळं, म्हणजे १० तास ५२ मिनिटं.

आजच्या त्रिकोणमितीने हिशोब केला तरी रोह्यासाठी एक-दोन मिनिटांच्या आत हेच उत्तर येतं. छापील दिनदर्शिकेत दिवस सात-आठ मिनिटं मोठा दिसतो, कारण आज सूर्याची वरची कड दिसली की सूर्योदय मानतात आणि हवेमुळे सूर्य थोडा वर उचललेला दिसतो तेही धरतात. एक काठी, एक सावली आणि तीन गुणाकार, एवढ्यावर गावातला जोशी वर्षभराचं दिनमान काढू शकत होता.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या गणितात मध्यरेषा उज्जैनची. रोहा आणि पेण तिच्या पश्चिमेला, म्हणून इथे सुमारे २६ पळांचा फरक धरावा लागतो. आपलं हातातलं घड्याळ तर अलाहाबादजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेचं आहे. त्यामुळे पेण-रोह्यात सूर्य सरासरीने दुपारी १२ वाजून ३८ मिनिटांच्या आसपास डोक्यावर येतो.

तिथिचिंतामणी : जोशांच्या हातातली किल्ली

शके १४४७ (इ. स. १५२५) मध्ये गणेश दैवज्ञांनी ‘लघुतिथिचिंतामणी’ रचला. श्लोक थोडे, आणि सोबत तयार कोष्टकं. कोष्टकातून आकडे उचलायचे, बेरीज-वजाबाकी करायची, की तिथी, नक्षत्र, योग किती घटी-पळांनी संपतात ते हाती येतं. आधी ज्या कामाला मोठा पंडित लागायचा, ते काम आता खेडेगावातला साधा जोशी करू लागला. छापखाने नव्हते तेव्हा गावोगाव हाताने लिहिलेली पंचांगं होती, आणि महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटकात त्यांतली कितीतरी याच ग्रंथांवरून झाली.

त्यांचे शिष्य दिवाकर हे गोदाकाठच्या गोलग्रामचे. दिवाकरांचे मुलगे मल्लारी आणि विश्वनाथ यांनी ग्रहलाघवावर टीका लिहिल्या. हे घराणं पुढे काशीला गेलं, आणि कोकणच्या किनाऱ्यावरचं हे गणित तिथेही शिकवलं जाऊ लागलं.

गणेश दैवज्ञ निव्वळ पंचांगकर्ते नव्हते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर त्यांनी शके १४६७ (इ. स. १५४५) मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. नियम असा आहे एवढं सांगून ते थांबत नाहीत, तो का खरा ते पटवून देतात. वर्तुळाचं क्षेत्रफळ कसं काढायचं? ते सांगतात, वर्तुळाचे दोन अर्धे करा, प्रत्येकाच्या केंद्राकडून बारीक फाका कापा, दोन्ही उघडून एकमेकांत बसवा. आयत तयार होतो. त्याची लांबी अर्धा परिघ आणि रुंदी त्रिज्या. आज आपण वर्गात कागद कापून हीच कृती करतो!

वडिलांची चूकही सुधारली

शके १४७४ (इ. स. १५५२) मध्ये त्यांनी ‘बृहत्तिथिचिंतामणी’ लिहिला. त्यात त्यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली आहे. जुन्या आचार्यांचं गणित त्यांच्या त्यांच्या काळात बरोबर होतं, काळ गेला तसं ते ढिलं पडलं आणि पुढच्यांनी ते नीट केलं, अशी मालिकाच ते देतात. त्या मालिकेत आपल्या वडिलांचंही नाव घेतात. केशवांनी गणित स्पष्ट केलं, पण साठ वर्षांत तेही थोडं ढिलं झालेलं दिसलं, म्हणून त्यांच्या मुलाने ते पुन्हा आकाशाशी जुळवलं, असं ते स्वतःबद्दल सांगतात.

विचार करा, ज्या वडिलांना त्यांनी गुरू मानलं, त्यांचं गणित जुनं झालं हे त्यांनी लिहून ठेवलं. यात वडिलांचा अपमान नव्हता. वडिलांनीच तशी आज्ञा करून ठेवली होती.

शके १४७६ (इ. स. १५५४) मधली ‘विवाहवृंदावन’ या ग्रंथावरची टीका ही त्यांची आपल्याला ज्ञात असलेली उशिराची रचना. त्यांच्या पुढच्या आयुष्याबद्दल फारसं सापडत नाही. पण ग्रंथ मात्र जिवंत राहिले.

पुढे काय झालं?

इथे गोष्ट थोडी अवघड होते. ग्रहलाघव इतका सोपा आणि लाडका झाला की लोक आकाशाकडे बघायचंच विसरले. तीनशे-साडेतीनशे वर्षं तेच आकडे चालू राहिले. जुन्या गणितात तिथी जास्तीत जास्त ६५ घटी वाढते आणि कमीत कमी ५४ घटींपर्यंत घटते. प्रत्यक्षात मात्र ती ६७ घटींपर्यंत वाढते आणि ५० घटींपर्यंत घटते. अमावास्या-पौर्णिमेला हा फरक फारसा जाणवत नाही, म्हणून ग्रहणं बरीचशी जुळत. अष्टमीच्या आसपास मात्र काही वेळा कित्येक तासांचा फरक पडे.

एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या, अचूक आकड्यांवरून पंचांग सुरू केलं. पुढे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी नवे ग्रंथ रचले. लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीचा आग्रह धरला आणि १९०४ मध्ये मुंबईला त्यासाठी परिषद भरली. विरोधही मोठा झाला. पूर्वजांचं गणित बदलायचं कसं, असा अनेकांचा सवाल होता. एकाच गावात दोन पंचांगं, दोन दिवशी सण, अशी वेळ आली.

या वादात दोन्हीकडच्या लोकांना गणेश दैवज्ञांबद्दल आदर होता. एका बाजूला वाटे, त्यांचे आकडे जपणं म्हणजे त्यांचा मान राखणं. पण आपण त्यांचं जीवन पाहिलं. त्यांनी स्वतः सूर्यसिद्धांताच्या चंद्रातून ९ कला वजा केल्या, शनीत ५ अंश मिळवले, वडिलांचं गणित साठ वर्षांनी दुरुस्त केलं. मग त्यांचे आकडे साडेतीनशे वर्षांनी दुरुस्त करणारा माणूस त्यांच्या विरोधात जातो की त्यांच्याच वाटेने चालतो? मला वाटतं, उत्तर त्यांच्या ग्रंथातच आहे. त्यांनी दिलेले आकडे जुने होतात, त्यांनी दिलेली सवय जुनी होत नाही. गणित करायचं, आकाशाकडे बघायचं, आणि दोन्ही जुळत नसेल तर गणित बदलायचं.

म्हणून पुढच्या वेळी पंचांगात तिथीपुढे घटी-पळं किंवा तास-मिनिटं दिसली, की आपल्या जिल्ह्यातल्या या गणितज्ञाची आठवण ठेवा.

करून पाहा

१) २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास सपाट जागेवर १२ सेंटिमीटरची काठी सरळ उभी करा. रोहा-पेण भागात सर्वांत आखूड सावली मार्चमध्ये दुपारी सुमारे १२.४५ ला आणि सप्टेंबरमध्ये सुमारे १२.३० ला मिळेल. ती जवळपास ४ सेंटिमीटर भरते का, ते पाहा.

२) सूर्योदय सकाळी ६.३० ला आहे आणि तिथी २० घटी १५ पळांनी संपते. घड्याळात किती वाजले असतील? (उत्तर : २० घटी १५ पळं म्हणजे ४८६ मिनिटं, म्हणजे ८ तास ६ मिनिटं. दुपारचे २ वाजून ३६ मिनिटं.)

३) शके १९५० मध्ये गणेश दैवज्ञांची किती चक्रं पूर्ण झालेली असतील आणि बाकी किती वर्षं उरतील? वहीत सोडवा.

४) कागदाचं वर्तुळ कापून ‘बुद्धिविलासिनी’तली कृती करा आणि क्षेत्रफळाचं सूत्र स्वतः मिळवा.